पाइपाचं हळदीकुंकू

मी निळा ड्रम बोलतोय. दोनशे लिटरचा.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती शंभर टक्के खरी आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माझ्या बुडाला भोक पडो! बुडाला एक भोक आहे म्हणा, पण ते नंतरचं. त्याचा आणि या शपथेचा काही संबंध नाही. असलाच तर शेवटी सांगतो.

सगळं मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही म्हणाल, ड्रमाला डोळे कुठले? बरोबर आहे. डोक्यावर दोन बुचं होती, तीसुद्धा पुढे भंगारवाल्या इकबालभाईने वरच्या झाकणासकट करवतीने कापून टाकली. मग असं म्हणू, की मी ऐकलंय. तुम्ही फार चौकशी करू नका, गोष्ट लांबेल.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लॅस्टिक आत, वरून हवा, आणि मी तयार. जन्मतःच फुगलेला, त्यामुळे माझा स्वभाव थोडा बढाईखोर आहे. त्या दिवशी आम्ही चाळीस भावंडं जन्मलो, दर मिनिटाला एक. त्यातला मी पहिला. धाकटे आजही मला वचकून असतात, असं मला वाटतं. भेट झालेली नाही.

पहिली नोकरी लागली रोह्याला, एका कंपनीत. नाव सांगत नाही. सांगितलं तर मला नोटीस येईल, आणि मला सही करता येत नाही. तिथे माझ्या पोटात कॉस्टिक भरलं. कॉस्टिक म्हणजे दिसायला पाणी आणि वागायला विंचू. हाताला लागलं की कातडं सोलतं. एकदा आमच्या वॉचमनची चप्पल माझ्यातून सांडलेल्या कॉस्टिकात पडली. बाहेर काढली तेव्हा नुसता अंगठा उरला होता. चपलेचा. वॉचमनचा अंगठा शाबूत होता, पण सांगताना तो दोन्ही अंगठ्यांची अदलाबदल करून सांगतो.

वर्षभरात मी रिकामा झालो. नियमाप्रमाणे असा ड्रम कागदावर नोंदवून परवाना असलेल्या माणसाकडेच द्यायचा असतो. तो नियम आमच्याबरोबर गेटपर्यंत आला आणि तिथून हात हलवून परत गेला. आम्ही टेम्पोत चढून वडखळ नाक्याला इकबालभाईच्या भंगारात येऊन पडलो.

इकबालभाई गोड माणूस. एक भाऊ कतारला, दुसरा मस्कतला, आणि हा भंगारात. "ते दोघं तेलावर बसलेत, मी तेलाच्या डब्यांवर," असं सांगून हसायचा. गिऱ्हाइकाने विचारलं, "या ड्रमात आधी काय होतं वं?" की त्याचं उत्तर ठरलेलं असे.

"शरबत."

आमच्या भागात पाणी साठवायला, धान्य ठेवायला, म्हशीचं आंबोण भिजवायला हे निळे ड्रम घरोघरी आहेत. सगळ्यांत शरबत होतं. एवढं शरबत पितं कोण, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

मला विकत घेतलं वैशालीने. ही मूळची हमरापूरची, पेणजवळच्या मूर्तिकारांच्या गावची. तिथल्या पोरी आधी ब्रश धरतात आणि मग चालायला लागतात. लग्न होऊन ती रोह्याच्या पुढच्या एका गावात आली, आणि या वर्षी तिने घराच्या पडवीत स्वतःचा गणपतीचा कारखाना काढला. माहेरून शाडूच्या कच्च्या मूर्ती आणायच्या आणि रंग आपण द्यायचे. तेही साधे रंग नाहीत. गेरू, काजळी आणि पितांबराला घरची हळद. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी, श्वास रोखून.

आमच्याकडे गणपती सांगायची एक रीत आहे. ज्याला मूर्ती हवी, तो आपला पाट आणून कारखान्यात ठेवतो, मागे खडूने नाव घालून. वैशालीच्या पडवीत एकतीस पाट आले. नव्या कारखान्याला एकतीस पाट म्हणजे लॉटरी! त्यातला एक तर थेट माझ्या जुन्या कंपनीचा, सागवानी. कंपनीला या वर्षी पर्यावरणाला पोषक असा गणपती बसवून फोटो काढायचा होता.

वैशालीच्या सासूचं नाव गिरजाबाई. भाताच्या मागून वालाचं पीक घेणारी, कंबरेत वाकलेली, जिभेने सरळ. नवरा जितेश त्याच कंपनीत कंत्राटावर. तो रोज शिफ्टला जायच्या आधी घरामागच्या ओढ्याचं पाणी मला भरून ठेवायचा. वैशालीने डिंकात कालवलेल्या हळदीने एका दिवसात एकतीस पितांबर पिवळेधमक रंगवले आणि रात्री दिव्याच्या उजेडात त्यांवर त्या पाण्याचा ओला ब्रश फिरवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर एकतीस गणपतींना गोवर!

कुठे पिवळं, कुठे तांबडं, कुठे विटकरी. एका लंबोदराच्या मांडीवर तर हुबेहूब रायगड जिल्ह्याचा नकाशा उठला होता. मला त्यात पेणसुद्धा ओळखू आलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा गुणाजी आला, मूर्तीकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "वैशाली, देव चांगला हाय, पण आजारी वाटतो. आमच्या घरात लहान पोरं हायत." आणि आपला पाट काखेत मारून चालता झाला. संध्याकाळपर्यंत पाच पाट गेले. वैशाली रिकाम्या जागेकडे बघत बसली. पाट एकदा दुसऱ्याच्या कारखान्यात गेला, की पिढीभर तिकडेच जातो. चतुर्थीला तीन आठवडे होते.

गिरजाबाईने इकबालभाईला फोन लावून असा काही बोलावून घेतला, की तो टेम्पोच्या आधी पोचला.

"इकबाल, या ड्रमात काय व्हतं?"

"शरबत, मावशी."

"कसलं शरबत?"

इकबालभाईने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "कॉस्टिकचं."

"मेल्या! देवाच्या धोतराला कॉस्टिक पाजलंस?"

"मावशी, अल्लाची कसम, मी धुऊनच दिला व्हता! परत धुतो. तुमच्यासमोर धुतो. सात वेळा धुतो!"

आणि धुतला की हो. मला लोळवत ओढ्यावर नेलं, माझ्यात वाळू घातली आणि काथ्याने घासलं. लहानपणी आई नव्हती ती सगळी हौस इकबालभाईने फेडली. एकदा धुतलं, वैशालीने चिमूटभर हळद टाकून बघितली. तांबडी! दुसऱ्यांदा धुतलं. आणखी तांबडी. चौथ्यांदा धुताना इकबालभाईच्या हाताची सालं निघायला लागली, आणि सातव्यांदा हळद टाकली ती इतकी लाल झाली, की गिरजाबाईची म्हैस बघून शिंग रोखून उभी राहिली. मी शरमेने निळ्याचा जांभळा झालो.

गिरजाबाई धुण्याच्या दगडावर बसली होती. ती एकदम म्हणाली, "गो वैशाली, हळदीचा डाग पडला लुगड्याला आणि साबण लावला तर काय व्हतं?"

"लाल व्हतो."

"आणि हळदीत चुना घातला तर?"

"कुंकू व्हतं. ते कुणाला ठाव नाय, आई?"

"मग हा इकबाल सकाळधरून ड्रम धुतोय, तो कशानं? ओढ्यानं. आणि ओढा कधी धुतलाय का कुणी?"

तिघंही ओढ्याकडे बघायला लागली. ओढा दुसरीकडे बघायला लागला.

मग गिरजाबाई उठली. हळदीचा डबा आणि पळसाची पानं घेतली, आणि ओढ्याच्या कडेने वर चालायला लागली. पन्नास पावलं गेली की पानावर हळद, वर ओढ्याचं पाणी. लाल. आणखी पन्नास, लाल. कोलम्यांचा डोह, जिथे दोन वर्षं कोलमी दिसली नव्हती, तिथे लाल. तिच्या वालाचं शेत, जिथल्या शेंगा गेल्या थंडीत कडेने करपल्या आणि मडक्यात भाजायची पोपटी लावायला शेंगा विकत आणाव्या लागल्या, तिथेही लाल. वालाच्या गावात विकतच्या शेंगांची पोपटी! तिला ते मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शेवटी कंपनीच्या मागच्या भिंतीपाशी करवंदीच्या जाळीत एक पाइप दिसला. हाताच्या कोपराएवढा, लाजून झुडपात तोंड लपवलेला, आणि आतून पाणी चालू. पाइपाच्या वरच्या अंगाला पान धरलं, तर हळद हळदीसारखीच राहिली. पाइपाच्या खाली धरलं, कुंकू.

रात्रीचं जेवण त्या दिवशी कुणाला गोड लागलं नाही. जितेश ताटावरून म्हणाला, "आई, गप बस. कंत्राटावर हाय मी. गेटपास जाईल."

"तुझा गेटपास गेला तर तू घरी येशील," गिरजाबाई म्हणाली. "ओढा गेला तर घर कुठं जाईल?"

"मग मी काय करू? त्या पाइपाचा व्हॉल्व्ह आत हाय, गंजून बसलाय. दोन माणसांनी पाना लावल्याबिगर हलत नाय. मी त्याला हात लावनार नाय, सांगून ठेवतो!"

कुणी सांगितलंच नव्हतं त्याला हात लावायला.

वैशालीने कंपनीला रीतसर अर्ज दिला. प्रदूषणाचं बघणाऱ्या वरच्या सरकारी ऑफिसलाही एक प्रत पाठवली. चार दिवसांनी कंपनीच्या कमळाकर साहेबांचं उत्तर आलं. पर्यावरणाचं खातं त्यांच्याकडे होतं, म्हणजे पर्यावरणाच्या फोटोंचं. कागदावर झाडाचं चित्र आणि खाली एक ओळ: 'आमच्या प्रकल्पातून बाहेर पडणारे पाणी सर्व निकषांत बसते.'

"बसतंय तर बसू दे की," गिरजाबाई म्हणाली. "वाहतंय कशाला?"

तोवर आणखी चार पाट गेले होते. राहिले बावीस.

श्रावण चालू होता. श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे बायका हळदीकुंकू करतात, दूध आणि फुटाणे देतात. वैशालीने ठरवलं, या शुक्रवारचं हळदीकुंकू घरी नाही, पाइपापाशी. साहेबांना आमंत्रण गेलं: 'महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला अवश्य यावे. आपला सत्कार करण्यात येईल.' सत्कार हा शब्द वाचला की साहेब लोकांचे पाय आपोआप चालायला लागतात. हे मी कंपनीत बघितलंय.

शुक्रवारी मला इकबालभाईच्या टेम्पोत घातलं, गळ्यात झेंडूची माळ. तो जुम्याची नमाज उरकून आला होता. बरोबर त्याची बायको अमीना, पाटीभर फुटाणे घेऊन. शिवाय भंगारातले रबरी हातमोजे आणले होते, कारण जितेश दारातून ओरडून गेला होता, "त्या पाण्यात हात घालू नका, कातडी जाईल!" हातमोजे चौदा निघाले, सगळे डाव्या हाताचे. गावातल्या बायांनी त्या दिवशी डाव्या हाताने हळदीकुंकू केलं. देवाने माफ केलं असावं.

मला पाटावर बसवलं, गुणाजीने परत नेलेल्या पाटावर. त्याची बायको गुपचूप घेऊन आली होती. माझ्या पोटावर हळदीची पाच बोटं उठवली. ओटी भरायची तर कुठे, म्हणून नारळ सरळ आत टाकला. तो खडखडत फिरला. एवढा मान माझ्या चाळीस भावंडांत कुणाला मिळालेला नाही.

गिरजाबाई लांब उभी होती. सतरा वर्षांपूर्वी मालक गेले, तेव्हापासून ती हळदीकुंकवाला कडेलाच उभी राहते. कुणी सांगत नाही, तीच उभी राहते.

वैशालीने पाइपाच्या ओठाला हळद लावली. पाणी आलं आणि बघता बघता हळदीचं कुंकू झालं. बायका किंचाळल्या, मग हसल्या. वैशालीने हातमोजा घालून पाइपाखालच्या दगडावर हळद टाकली, लाल झालेलं बोट वर केलं आणि सासूपाशी गेली. कपाळाला लावलं नाही, पोळलं असतं. तिच्या काठीला लावलं.

गिरजाबाई काठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सतरा वर्षांनी कुंकू मिळालं, तेबी कंपनीचं!" आणि अशी हसली, की कवळी सावरावी लागली.

तेवढ्यात कमळाकर साहेब आले. पांढरा शर्ट, मागे फोटोवाला, त्याच्या मागे 'महिला सक्षमीकरण' लिहिलेला फलक धरलेली दोन माणसं. भिंतीपलीकडे पहिल्या शिफ्टचे कामगार पत्र्यावर चढून बघत होते.

"छान, छान," साहेब म्हणाले. "स्वच्छ ठिकाण निवडलंत."

वैशालीने त्यांना नारळ दिला. मग नवा कोरा पांढरा टॉवेल पुढे केला. नव्या कापडाच्या चारी टोकांना हळदीकुंकू लावून द्यायची पद्धत असते. या टोकांना नुसती हळद होती.

साहेब आपले घरंदाज. त्यांच्या लगेच लक्षात आलं. "अहो, कुंकू विसरलात की."

"नाय साहेब," वैशाली म्हणाली. "ते तुमच्याकडून."

आणि तिने टॉवेलाचं एक टोक पाइपाखाली धरलं.

लाल.

दुसरं टोक. लाल. फोटोवाला फोटो काढतच होता. त्याला थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले. "काय मिसळलंय तुम्ही यात?"

"मिसळलंय तुम्ही," वैशाली म्हणाली. "हळद तेवढी आमची."

पत्र्यावरचे कामगार हसले ते इतके, की पत्रा खाली आला. अमीनाने साहेबांना फुटाणे दिले. इकबालभाई म्हणाला, "साहेब, दूध घ्या. नको असेल तर शरबत हाय."

साहेब तरातरा आत गेले. आणि मी तुम्हाला सांगतो, आत गेलेल्या त्या माणसाने शर्टाच्या बाह्या वर केल्या, गंजलेल्या व्हॉल्व्हला स्वतःच्या हाताने पाना लावला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "गिरजाबाई, मला क्षमा करा!" आणि व्हॉल्व्ह फिरवला. अर्ध्या तासात पाइप उचक्या देत बंद झाला.

पुढे सगळं भराभर झालं. फोटो गावभर फिरले, वरच्या ऑफिसची माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली आणि पाइपाच्या तोंडाला सील ठोकून गेली. वैशालीने ओढ्याच्या वरच्या अंगाचं पाणी आणून पितांबर पुन्हा रंगवले. पिवळे राहिले. एकेक करत पाट परत आले. गुणाजी पाट ठेवताना म्हणाला, "देव बरा झाला वाटतं," आणि वैशालीने त्याला तसंच सोडलं नाही, मखर सजवायच्या कामाला लावलं. चतुर्थीला एकतीसच्या एकतीस मूर्ती गेल्या. कंपनीचा गणपती न्यायला साहेब आले नाहीत, कामगार आले. त्यांनी मुद्दाम सांगून घेतलं होतं, पितांबराचं एक टोक लालच राहू द्या.

आता शपथेचं काय ते बघू.

एवढ्या गोष्टीत मी एकच थाप मारली. चप्पल, म्हैस, जिल्ह्याचा नकाशा, सगळं खरं. नकाशात पेण जरा सरकलं होतं, तेवढं सोडा. थाप मारली ती व्हॉल्व्हची. कमळाकर साहेब त्या दिवशी आत गेले ते थेट गाडीत बसून गेले. व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो, हे त्यांना आजही ठाऊक नाही. क्षमा वगैरे मी माझ्या पदरचं घातलं. इतके दिवस सगळ्यांना हेच सांगत आलो. साहेबांनाही ते इतकं आवडलं, की आता तेही हेच सांगतात.

खरं असं. त्या शुक्रवारी संध्याकाळी जितेश घरी आला तो उजव्या हाताला फडकं गुंडाळून.

"काय झालं रे?" गिरजाबाईने विचारलं.

"सायकलवरनं पडलो."

तिने फडकं सोडलं. पंजाला फोड. घरात जखमेला पहिलं औषध हळद, म्हणून तिने न बघता डबा उघडला आणि चिमूट दाबली.

हळद लाल झाली.

रक्त नव्हतं. गिरजाबाईला आता दोन लालांतला फरक कळत होता. तिने वर बघितलं. जितेश आढ्याकडे बघत होता. दोन माणसांशिवाय न हलणारा व्हॉल्व्ह. दुसरा माणूस कोण होता, ते मला खरंच ठाऊक नाही.

"सायकल पाइपावर पडली व्हय?" तिने हळूच विचारलं.

तिने त्याला हाताला धरून माझ्यापाशी आणलं. माझ्यात त्या दिवशी वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी होतं. एकेक तांब्या घेत तिने तो हात धुतला, पुन्हा धुतला, हळद टाकली की हळदच राहीपर्यंत धुतला. सात वेळा. मी मोजलं.

आता हे सांगायला हरकत नाही. जितेशने गेटपास स्वतःच परत केला. पडवीत बसून पितांबर तोच रंगवतो. डोळे अजून वैशालीच काढते.

इकबालभाई हल्ली ड्रम ओढ्यावर धूत नाही. आत काय होतं ते खडूने लिहून ठेवतो आणि ज्याच्यात विंचू होता तो ड्रम घरगुती गिऱ्हाइकाला देत नाही. धंदा थोडा बसलाय. शरबत मात्र तो आता खरंच ठेवतो, कोकमचं.

आणि मी? मला पाइपाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर उभं केलंय. पोटात माती, मातीत हळद लावली आहे. खायची नाही, परीक्षेची. येताजाता कुणीही कंद उकरून काढतो, ठेचतो, ओढ्याच्या पाण्यात कालवतो आणि बघतो. अजून पिवळीच निघते. ज्या दिवशी लाल निघेल त्या दिवशी आमंत्रण जाईल. तुम्ही कुठूनही आलात तरी चालेल. येताना आपल्या ओढ्याचं पाणी बाटलीतून आणा, हळद इथली घ्या. फक्त हातमोजे उजव्या हाताचे आणा. डावे पुष्कळ आहेत.

हां, ते बुडाचं भोक. माती भरायच्या आधी इकबालभाईने ड्रिलने पाडलं, पाणी तुंबू नये म्हणून. गिरजाबाई म्हणते, ते खोट्या शपथेचं. दोघांचंही बरोबर असेल. थाप मारली होती आणि भोक पडलं. पण त्या थापेने एका माणसाचा गेटपास, त्याने स्वतःहून परत करेपर्यंत, टिकला होता. तेवढ्यासाठी मी आणखी दोन भोकंसुद्धा पाडून घेईन.